फुलं शोधताना मान वर ठेवा

मागच्या महिन्यात या पानावर आपण खिडकीतल्या कुंड्यांबद्दल बोललो होतो. कोथिंबीर, मेथी, पुदिना लावून पाहिल्याचं कित्येक बहिणींनी कळवलं, आनंद वाटला. या वेळी मात्र कुंडीला हात लावायचा नाही. घराबाहेर पडायचं आहे, आणि फार लांबही जायचं नाही.

झालं असं, की माझ्या धाकट्या लेकीला शाळेतून एक कागद मिळाला. ‘वसंत ऋतूत फुलणाऱ्या पाच रानफुलांचं निरीक्षण करा, चित्रं काढा, नावं लिहा.’ कागदाच्या कोपऱ्यात नमुन्यासाठी ट्यूलिप आणि डॅफोडिल छापलेले. लेकीने विचारलं, “मम्मी, ट्यूलिप मीरा रोडला कुठे असतात?” मी हसले, पण पाच रानफुलांची नावं सांग म्हटल्यावर माझीही गाडी तिसऱ्याला अडली.

ट्यूलिप, डॅफोडिल ही थंड मुलखातली फुलं. तिथे हिवाळाभर कंद जमिनीत झोपून असतो. बर्फ वितळलं, ऊन जमिनीवर पोचलं, की झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत ही फुलं उरकून घेतात. म्हणून तिकडचा वसंत पायाशी असतो. आपल्याकडे जमिनीवर फुलांचे गालिचे येतात ते पावसाळ्यात. साताऱ्याजवळचं कास पठार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतं, ते बघायला लोक कुठून कुठून येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच पठारावर गेलात तर वाळलेलं गवत आणि काळा कातळ. या दिवसांत आपल्याकडची फुलं असतात झाडांवर, तीही पानं झडलेल्या झाडांवर.

हे मी आता शहाण्यासारखं सांगते आहे. पण मला ते शिकवलं अम्मीने, आणि तेही तिला घराबाहेर काढताना माझ्या नाकी नऊ आल्यावर.

अब्बांना जाऊन दीड वर्ष झालं. इद्दत संपल्यावर अम्मीला मी माझ्याकडे आणलं. मुरूड तालुक्यातल्या गावात जन्म काढलेली बाई चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी बसून राहिली. साखर वाढलेली, डॉक्टर म्हणाले रोज चाला. ती इमारतीच्या आवारात तीन फेऱ्या मारायची आणि वर यायची. “मुंबईत बघायचं काय? भिंती?” आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की वय झालं, दुःख मोठं आहे, बसू दे तिला. चहा हातात देत होतो, गोळ्या वेळेवर देत होतो आणि त्यालाच सेवा समजत होतो.

तिला उठवलं ते लेकीने. “नानी, मला पाच फुलं पाहिजेत. मम्मीला नावं येत नाहीत. तुला येतात का?” अम्मी म्हणाली, “पाचच?”

मग एका रविवारी फजरची नमाज झाल्यावर आम्ही तिघी निघालो. मीरा रोडहून लोकल धरली की दहिसर आणि मग बोरिवली. स्टेशनाबाहेर रिक्षा केली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात उतरलो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध पसरलं आहे. तुळशी आणि विहार हे दोन तलाव त्याच्याच कुशीत आहेत. इतकी वर्षं या जंगलाच्या कडेला राहून मी आत गेले होते दोनदा, तेही शाळेच्या सहलीत आणि लग्नानंतर पाहुण्यांना कान्हेरीची लेणी दाखवायला. फुलांसाठी कधीच नाही.

आत शिरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात माझी निराशाच झाली. सागाची मोठी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. ओढा आटलेला, गवत पिवळं, झाडं नागडी. लेक जमिनीकडे बघत चालली होती, हातात वही आणि रंगपेटी. शेवटी म्हणाली, “इथे काहीच नाही. सगळं मेलंय.”

अम्मी थांबली. तिच्या पायाशी एक लालभडक फूल पडलं होतं, तळहाताएवढं. पाच जाड, मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका. तिने ते उचललं नाही, नुसती मान वर केली. आम्हीही केली. वर निष्पर्ण झाडाच्या आडव्या फांद्यांवर तशीच शेकडो फुलं लागलेली होती आणि त्यांच्यात पाखरांची जत्रा भरली होती.

“सावर,” अम्मी म्हणाली. “काटेसावर. खोडाला हात लावू नको, काटे असतात.”

आम्ही तिथे बराच वेळ उभ्या राहिलो. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, इवलेसे शिंजीर, सगळे त्या फुलांत चोची घालत होते. सावरीचं फूल म्हणजे मधाची उघडी वाटीच. पाखरू एका फुलातून दुसऱ्या फुलात जाताना कपाळाला पराग घेऊन जातं आणि झाडाचं काम होतं. खाली पडलेली फुलं हरणं खातात, म्हणजे काही वाया जात नाही. अम्मी सांगू लागली, उन्हाळ्यात याची बोंडं तडकतात आणि मऊ कापूस वाऱ्यावर उडतो. तिच्या लग्नातल्या उशा तिच्या आईने याच कापसाने भरल्या होत्या. “त्या उशा कुठे आहेत?” लेकीने विचारलं. “एक गावाला आहे अजून. तुझे आजोबा त्याच उशीवर झोपायचे.” एवढं बोलून ती पुढे चालू लागली. आम्ही काही बोललो नाही.

पुढच्या वळणावर पळस भेटला. पळस ओळखायला शिकवावं लागत नाही असं मला वाटायचं, पण सगळी लाल फुलं मला पळसच वाटत होती हे त्या दिवशी कळलं. तुमचाही तसा घोटाळा होत असेल तर अम्मीची खूण लक्षात ठेवा.

सावरीचं फूल मोठं आणि सुटं, पाच पाकळ्यांचं. झाड सरळसोट, फांद्या आडव्या. पळसाचं फूल भगवं-केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, आणि त्याच्या बुडाशी काळसर मखमलीची टोपी. फांद्या वेड्यावाकड्या, जणू कुणी पिळून ठेवल्यात. पांगाऱ्याची फुलं लालचुटूक, फांदीच्या टोकाला गुच्छाने, लांबून मिरच्यांचा झुबका वाटावा अशी. पांगाऱ्याच्या फांदीलाही काटे असतात. म्हणून तर कोकणात कुंपणाला पांगारा लावतात.

“पळसाला पानं तीनच,” मी म्हण सांगितली. अम्मी वर बघत म्हणाली, “आत्ता तर एकही नाही.” आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पायवाटेच्या उतारावर धायटीची झुडपं होती. फांदीभर लाल नळीसारखी छोटी फुलं, मेणबत्तीच्या जळत्या वातीएवढी. धायटीची फुलं पूर्वीपासून कापड रंगवायला वापरतात आणि वैद्यांची आसवं-अरिष्टं आंबवायलाही तीच लागतात. लेकीचा हिशेब चालू होता: सावर, पळस, पांगारा, धायटी. चार झाली. पाचवं तिने लांबूनच हेरलं, लालबुंद शेंड्याचं एक मोठं झाड. “नानी, ते बघ केवढं फुललंय!” अम्मीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. “फुलं नाहीत ती. पानं आहेत. कोशिंब आहे तो.” खरंच, जवळ गेल्यावर दिसलं, कोशिंबाची कोवळी पालवी तांबड्या काचेसारखी उन्हात चमकत होती. थोड्या आठवड्यांनी तीच पानं हिरवी होतात. लेकीने वहीत लिहिलं: ‘कोशिंब, फूल नाही, फसले.’

पाचवं फूल मिळालं ते रस्त्याच्या कडेला, गुलाबी तुऱ्यांचं. अम्मीने त्याकडे फारसं कौतुकाने पाहिलं नाही. “गिरिपुष्प. दिसायला छान, पण बाहेरचं आहे. आमच्या लहानपणी नव्हतं.” तेही खरं. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, हिरवळीच्या खतासाठी आणि बांधावर लावण्यासाठी आपल्याकडे पसरलं. सुंदर असलं तरी प्रत्येक फूल इथलंच असतं असं नाही, हेही मुलांना कळायला हवं.

आता मुद्द्याचा प्रश्न. पाण्याचा थेंब नाही, पानं झडलेली, आणि नेमकी आत्ताच ही झाडं का फुलतात? उत्तर सोपं आहे आणि थक्क करणारंही. पान म्हणजे पाणी उडण्याची खिडकी. पाऊस संपून चार महिने झाले की झाड या खिडक्या बंद करून टाकतं, म्हणजे पानं गाळतं. वाचलेलं बळ फुलांना देतं. पानं नसल्याने फुलं लांबूनही पाखरांना दिसतात. फुलांची फळं होतात, मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यात सावरीचा कापूस आणि पळसाच्या चपट्या शेंगा उडतात आणि जूनचा पहिला पाऊस येतो तेव्हा बी मातीत तयार असतं. पावसाची तारीख झाडाला ठाऊक नसते, पण त्याला ज्याने बनवलं त्याने हिशेब पक्का घालून दिला आहे. आपल्याला वाळलेलं वाटतं तेव्हाच झाड सगळ्यात जास्त कामात असतं.

परतताना आम्ही दारापाशी बसलो. डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या उद्यानाबाहेर येऊन खाल्ल्या, कारण आत खाण्याची पिशवी दिसली की माकडं सोडत नाहीत. अम्मीने भाकरीचा तुकडा मोडला आणि एकदम विचारलं, “तुझ्या भावाने यंदा वरकस जाळलं का गं?”

हा प्रश्न दीड वर्ष तिच्या पोटात होता.

आमच्या गावच्या घरामागे डोंगराचा उतार आहे. खाली हापूसची कलमं, वर वरकस जमीन आणि त्याच्या वर रान. अब्बा असताना दर वर्षी पौष-माघात दोन माणसं लावून बागेभोवती गवत कापून घ्यायचे. अब्बा गेले आणि बाग धाकट्या भावाकडे आली. त्याची नोकरी अलिबागला, वेळ रविवारचा. गावात मजूर मिळत नाही. मागच्या वर्षी त्याने शेजारच्यांचं बघून सोपा मार्ग धरला, संध्याकाळी काडी लावली. वारा फिरला, आग बांध ओलांडून बागेत आली. खालची चार कलमं मोहरासकट होरपळली आणि वरच्या बाजूला करवंदाच्या जाळ्या, उक्षीच्या वेली, सगळं एका रात्रीत काळं झालं. फोनवर त्याने आम्हाला फक्त कलमांचं सांगितलं होतं. बाकीचं अम्मीला शेजारणीकडून कळलं होतं. ती भावाला एक शब्द बोलली नाही.

रमजान लागायच्या आत गावचा तांदूळ आणि आगळ आणायला जायचंच होतं. बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा करत मुरूड. या वेळी अम्मीही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच आम्हाला फणसाडला नेलं.

फणसाडचं जंगल आमच्या भागातल्या लोकांना परकं नाही. जंजिऱ्याच्या नवाबांचं ते शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. सुपेगावच्या बाजूने आत गेलं की मुंबईच्या उद्यानापेक्षा वेगळीच हवा लागते. समुद्र जवळ असल्याने इथे काही भागात झाडी वर्षभर हिरवी असते. उंच फांद्यांवर शेकरूची काटक्यापानांची घरटी दिसतात. शेकरू म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, लांब झुपकेदार शेपटीची मोठी खार. गारंबीच्या वेलीवर तलवारीएवढ्या शेंगा लटकत होत्या. आणि अंजनी फुलली होती! अंजनीचं फूल बघायचं तर जवळ जावं लागतं. फांदीलाच चिकटून निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे घोस, कुणी निळा कुंचला फांदीवरून ओढावा तसे. उक्षीचे फिकट हिरवे तुरे झाडाझाडावर चढले होते. ती फुलं पुढे सुकून वाऱ्यावर भिरभिरत लांब जातात. अम्मीने उक्षीचा जाड वेल दाखवून सांगितलं, रानात तहान लागली की जुनी माणसं हा वेल तोडून त्यातलं पाणी प्यायची. लेकीने लगेच विचारलं, तोडू का? “अभयारण्य आहे. आणि तुझ्या बाटलीत पाणी आहे,” अम्मी म्हणाली.

दुपारी भाऊ अलिबागहून आला. चहा झाल्यावर अम्मी त्याला म्हणाली, “चल बेटा, जरा वर जाऊन येऊ.” आम्ही सगळे मागोमाग गेलो.

उताराचे दोन भाग सरळ दिसत होते. मधल्या पायवाटेच्या डावीकडे आग पोचली नव्हती. तिथे करवंदाच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. जाईसारखी फुलं आणि तसाच मंद गोड वास, मधमाश्यांचा नुसता गुंजारव. मध्येच पळसाची दोन पोरसवदा झाडं, पहिल्यांदाच फुललेली. उजवीकडे पावसाळ्यानंतर गवत उगवून वाळलं होतं, आणि गवताखेरीज फारसं काही नव्हतं. धायटी तेवढी तग धरून होती, ती चिवट असते. करवंदांना बुडाशी फुटवे आले होते, पण फूल एकही नव्हतं. ज्याला फूल नाही त्याला फळ नाही. म्हणजे मे महिन्यात गावातल्या पोरांना त्या बाजूला करवंदं मिळणार नव्हती.

भावाने आधीच बचाव मांडला. “अम्मी, माणसं मिळत नाहीत. मी एकटा काय काय करू? आणि सगळेच लावतात.”

अम्मीने उत्तर दिलं नाही. जळक्या बाजूला पळसाचं एक काळं खोड होतं, त्याच्या बुडातून दोन हिरवे कोंब आले होते. ती खाली बसली, गुडघे दुखत असतानाही बसली, आणि त्या कोंबांवरची राख बोटाने बाजूला केली. मग म्हणाली, “हा वाचला. पळसाचं मूळ खोल असतं. दर वर्षी जाळलंस तर हाही थकेल.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुझे अब्बा म्हणायचे, वाळलेलं दिसतं म्हणून मेलेलं समजू नये.”

भाऊ पायवाटेकडे बघत राहिला. मी मात्र जमिनीकडे बघत होते, कारण चौथ्या मजल्यावरची ती खिडकी माझ्या डोळ्यांपुढे आली होती.

आग लावणारे बहुतेक लोक वाईट हेतूने लावत नाहीत. गवत जाळलं की पुढचं गवत चांगलं येतं, साप-विंचू जातात, बाग साफ होते, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं असतं. पण उतारावरचा पालापाचोळा हे जमिनीचं पांघरूण आहे. ते जळलं की जूनच्या पावसाचा मारा थेट मातीवर बसतो आणि वरची कसदार माती वाहून जाते. बिया, रोपटी, जमिनीवर घरटं करणारी रानकोंबडी आणि रातव्यासारखी पाखरं, सगळी त्यात सापडतात. आंब्या-काजूचा मोहर आगीच्या झळेनेही करपतो. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे, अभयारण्यात ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मना आहे. खाजगी जमिनीत लावलेली आग जंगलाची हद्द ओळखत नाही, हे मात्र आपण विसरतो.

उपाय नवा नाही, अब्बा करायचे तोच. बागेभोवती तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून, पाचोळा ओढून मोकळा ठेवायचा. याला जाळरेषा म्हणतात. बाहेरून आग आली तरी तिला पुढे जायला काही सापडत नाही. ओढलेला पाचोळा कलमांच्या आळ्यात पसरला की ओल टिकते आणि पुढे त्याचंच खत होतं. मेहनत आहे, हे खरं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे लागलो. भाऊ, त्याची बायको, मी, शेजारचे दोन मुलगे, आणि लेक पाचोळ्याच्या पाट्या ओढायला. अम्मी सावलीत बसून “इथे राहिलंय, तिथे राहिलंय” करत होती. संध्याकाळपर्यंत माझ्या हाताला फोड आले आणि पट्टा जेमतेम अर्धा झाला. उरलेला भाऊ दोन रविवारांत करणार आहे. तो म्हणाला, “आपा, यंदा करून बघतो. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.” मला तेवढं पुष्कळ वाटलं.

आता तुमच्यासाठी. हा अंक हाती पडेल तेव्हा रमजान चालू असेल, आणि मार्च म्हणजे बहराचे अजून बरेच दिवस बाकी आहेत. सहरी आणि फजर आटोपल्यावरची वेळ फुलं बघायला सगळ्यात चांगली. हवा गार, पाखरं जागी, आणि रोजा असला तरी शरीर ताजं. लांबची रपेट नको. घराजवळचं एक झाड पुरे. मोठी सहल ईदनंतर ठेवा.

मुंबईकरांना बोरिवलीचं उद्यान आहे, पण ते सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. पनवेलकडच्यांना मुंबई-गोवा महामार्गावरचं कर्नाळा, पुणेकरांना वेताळ टेकडी आणि तळजाई, सांगलीकरांना सागरेश्वर, कन्नड-चाळीसगावकडच्यांना गौताळा. विदर्भातल्या बहिणींना तर मी काय सांगावं, तुमच्याकडे पळस रस्त्यारस्त्याला पेटलेला असतो. महाबळेश्वर-माथेरानकडे अंजनी बघा. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे याच दिवसांत सुरंगी फुलते. तिची फुलं जून फांद्यांना लगडून येतात आणि वळेसर विकायला येतो तेव्हा आख्खा बाजार घमघमतो.

जाताना थोडं पथ्य पाळा. आधी जमिनीवर पडलेलं फूल शोधा, मग मान वर करा, झाड आपोआप सापडेल. फूल तोडू नका. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून तर पडलेलंही उचलून आणू नका. आपल्या गल्लीतल्या किंवा शेतातल्या पळसाखालची फुलं मात्र खुशाल गोळा करा. पाण्यात उकळून थोडी तुरटी घातली की सुरेख पिवळा-केशरी रंग उतरतो. लेकीने त्यात अब्बांचा जुना पांढरा रुमाल रंगवला, अम्मीने तो स्वतः काढून दिला. रानात वाट सोडून जाऊ नका, बोरिवलीत बिबट्यांचं राज्य आहे. मुलांना हाताशी ठेवा, आवाज कमी, प्लास्टिक नको. विडी-सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्याला, मग तो आपला मामू असो की मेहुणा, तिथल्या तिथे टोका. वणवा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.

मुलांना एक वही द्या. तारीख, झाड, रंग, आणि त्यावर कोण कोण पाखरू आलं, एवढंच लिहायला सांगा. पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली उभं राहून तारीख ताडून बघा.

आणि एक काम मोठ्यांसाठी. घरात अम्मी, दादी, नानी, फुफी, कुणी असेल तिला सोबत न्या. तिचे गुडघे दुखत असतील तर रिक्षा दारापर्यंत न्या, पाच पावलं चालवा, पण न्या. तिला झाडाचं नाव विचारा आणि ती सांगेल तेच नाव वहीत लिहा, पुस्तकातलं नंतर बघू. एकाच झाडाला गुहागरात एक नाव, मुरुडात दुसरं, मिरजेत तिसरं असतं, आणि त्यांतली किती तरी नावं फक्त म्हाताऱ्या तोंडांत उरली आहेत. ‘बहर’ हा शब्दच पाहा. फारसीतला ‘बहार’ म्हणजे वसंत. तो आपल्या बागायतदारांच्या तोंडी असा मुरला, की आंबे बहार, मृग बहार म्हणताना तो कुठून आला हे कुणाला आठवतही नाही. नावं अशी वापरल्यानेच टिकतात. तुमच्याकडे जमलेली नावं मला कळवा, इथे छापू.

लेकीला त्या कागदावर शेरा मिळाला: ‘चित्रं छान. पाचच विचारली होती, नऊ का?’ तिने घरी येऊन नानीला दाखवला. अम्मीने चष्मा लावून वाचला, घडी घालून आपल्या कुराण शरीफच्या रेहलशेजारच्या डब्यात ठेवला.

काल रात्री तरावीहनंतर ती मला म्हणाली, “बाय, बोरिवलीत बहावा असेल ना गं? पिवळा?” मी म्हटलं, असेल, एप्रिल-मेमध्ये फुलतो. ती म्हणाली, “मग ईदनंतर एक रविवार मोकळा ठेव. आणि हो, तुझ्या भावाला फोन लाव. जाळरेषा पुरी झाली का विचारायचंय.”